गाडीच्या पोटातलं सिम

प्लास्टिकचं सिम जाऊन ई-सिम येणार, ही बातमी आपल्याकडे दरवेळी आयफोनच्या निमित्ताने येते. 2022 मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन 14 ला सिमचा खणच नव्हता. 2025 च्या आयफोन एअरला तो भारतातही नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मात्र हा बदल फोनची वाट बघत बसला नाही. तो गाडीतून आला, आणि आणला सरकारी नियमाने.

16 डिसेंबर 2012 ला दिल्लीत चालत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर सार्वजनिक वाहनांत प्रवाशाच्या हाताशी धोक्याचं बटण असावं ही मागणी पुढे आली. 28 नोव्हेंबर 2016 ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत 125-एच हा नियम घातला गेला आणि 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक वाहनांना जीपीएस यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं झालं. रिक्षा आणि दुचाकी तेवढ्या सुटल्या. यंत्र कसं असावं ते सांगणारं मानक म्हणजे एआयएस-140. ही मानकं प्रसिद्ध करते पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था, आणि वाहनांच्या तपासण्या करणारी सीआयआरटी ही दुसरी संस्था तर थेट भोसरीतच आहे. म्हणजे नियम दिल्लीचा असला, तरी त्याची कसोटी आपल्याच अंगणात लागते.

त्या मानकात एक ओळ अशी आहे, की सिम यंत्रात कायमचं बसवलेलं हवं आणि गरज पडल्यास ते दुसऱ्या नेटवर्कवर जाऊ शकलं पाहिजे. शिवाय गाडीची बॅटरी तोडली तरी यंत्र स्वतःच्या बॅटरीवर किमान 4 तास चालावं आणि रेंज नसताना 40,000 नोंदी साठवून ठेवता याव्यात. वरंधा घाटात रेंज गेली तर यंत्र गप्प बसतं, पण विसरत नाही. खाली उतरल्यावर सगळं ओकतं.

प्लास्टिकचं सिम इथे का चाललं नसतं, हे खराबवाडी-निघोजेच्या रस्त्यावरून कंपनीच्या बसने जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सिमवरचे सोनेरी पट्टे खणातल्या पिनांवर नुसते टेकलेले असतात. खड्डे, धूळ आणि डॅशबोर्डमागची उन्हाळ्यातली भट्टी यांनी तो संपर्क ढिला होतो. दुसरं कारण चोरीचं. 2011 च्या सुमारास जोहान्सबर्गमध्ये शेकडो सिग्नलचे दिवे फोडले गेले. चोरांना दिव्यांशी देणंघेणं नव्हतं. आत सिम कार्डं होती आणि ती फोनमध्ये टाकून फुकट बोलता येत होतं.

सिमचा आकारही घटत आला आहे. 1991 मध्ये म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरिएंट कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिंजासाठी पहिली सिम कार्डं बनवली, ती एटीएम कार्डाएवढी होती. पुढे 25 बाय 15 मिलिमीटर, मग 15 बाय 12, मग 12.3 बाय 8.8. मधल्या काळात मोबाइलच्या दुकानात स्टेपलरसारख्या कटरने सिम कापून घेतलेलं अनेकांना आठवत असेल. गाडीतलं सिम 6 बाय 5 मिलिमीटरचं असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या वेंडरकडे ते रिळावर गुंडाळून येतं. बोर्डावर सोल्डर पेस्टचे ठिपके उमटतात, मशिनचं नाक रिळातून चिप उचलून नेमक्या जागी ठेवतं आणि बोर्ड 240-250 अंशांच्या भट्टीतून बाहेर पडतो. तिथून पुढे ते सिम उरत नाही, पार्ट नंबर होतो. रेझिस्टर-कपॅसिटरसारखीच त्याची इनवर्ड होते आणि रिजेक्शनही.

आता एक गल्लत दूर करायला हवी. चिप बोर्डाला चिकटवणं वेगळं आणि तिच्यातली मोबाइल कंपनी दुरून बदलता येणं वेगळं. फोनमधल्या ई-सिममध्ये ग्राहक स्वतः क्यूआर कोड स्कॅन करून कंपनीचं प्रोफाइल खाली ओढतो. गाड्यांमध्ये रुळलेल्या पद्धतीत प्रोफाइल सर्व्हरवरून ढकललं जातं; वाहनमालकाला कोणी विचारत नाही. खरी मेख इथे आहे. 21 मार्च 2024 च्या दूरसंचार नियामक ट्रायच्या शिफारशींत बरीच चर्चा याच कळीवर, म्हणजे प्रोफाइल ढकलणाऱ्या सर्व्हरवर आहे, की ती कोणी सांभाळायची आणि एका कंपनीकडे ती अडकून पडू नये म्हणून काय करायचं.

दूरसंचार खात्याने 2018 मध्येच यंत्रांच्या सिमसाठी वेगळी चौकट आखली होती. माणसांचे 10 आकडी नंबर पुरावेत म्हणून यंत्रांना 13 आकडी नंबर दिले गेले. हे सिम ठरवून दिलेल्या नंबरांशीच बोलतं आणि ठरवून दिलेल्या सर्व्हरलाच माहिती पाठवतं. म्हणजे जोहान्सबर्गच्या चोरांनी ते उचकटून नेलं असतं तरी उपयोग शून्य.

उपयोग मालकालाही कधीकधी शून्यच वाटतो. नव्या व्यावसायिक गाडीचं पासिंग पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी, पुढे दरवर्षी. यंत्र चालू आहे का, हेही तेव्हा पाहिलं जातं. गाडी घेताना सिमचं ठरावीक मुदतीचं रिचार्ज किमतीत धरलेलं असतं. ती मुदत कधी संपली हे एमएच-14 च्या बसवाल्याला बऱ्याचदा मोशीच्या आरटीओत कळतं. फोन असता तर कोपऱ्यावरच्या दुकानातून रिचार्ज मारलं असतं, नाहीतर कंपनीच बदलली असती. इथे यंत्राच्या वेंडरकडे जावं लागतं आणि तो सांगेल तो दर. वेंडरने धंदाच गुंडाळला असेल तर चालू यंत्र भंगारात काढून नवं बसवायचं. सुरक्षेच्या नियमाबद्दल मनात अढी बसते ती अशा ठिकाणी, आणि ती मला अवाजवी वाटत नाही.

कारखानदाराचं गणित वेगळं आहे. महिंद्राच्या चाकणच्या प्रकल्पात बनणारी बीई 6 नेटशी जोडलेली असते. निर्यातीच्या गाडीत तोच बोर्ड ठेवून प्रोफाइल त्या देशाचं घालता आलं, तर स्टोअरमध्ये देशागणिक वेगळा पार्ट नंबर ठेवायला नको. त्यासाठी परदेशी कंपनीचं सिम इथे, लाइनवरच बसवून तपासायला लागतं. भारतात अशी सिम विकायला परवानगी कशी द्यायची, यावर ट्रायने जुलै 2025 मध्ये मतं मागवली.

गाडी बनवणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या खिशात मात्र अजून खण असलेलाच फोन आहे. बॅटरी उतरली तर तो सिम काढून रूम पार्टनरच्या फोनमध्ये टाकतो आणि सुपरवायझरला उशीर होईल म्हणून कळवतो. ई-सिममध्ये ही सोय नाही. वर ते चालवणारे फोन बहुतेक महागातले.

जुन्या गाड्यांचं तर कोणी मनावरच घेतलेलं दिसत नाही. एमआयडीसीतली बस काही वर्षांनी खेड-जुन्नरकडे एखाद्या शाळेला विकली जाते. आरसी नव्या मालकाच्या नावावर होते. सिम असतं सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावावर. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद अद्ययावत ठेवायची, असं 2018 च्या सूचनांत आहे, पण व्यवहारात ती आठवण करून देणारा कोणी नसतो. हस्तांतराच्या अर्जातच यंत्राचा क्रमांक, सिमची मुदत आणि सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव यांचा एक रकाना घातला, तर निदान शाळेला आपण काय विकत घेतलं ते कळेल.