‘लहान’ शब्दांची मोठी कुळकथा

लॅटिन ही फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आणि रुमानियन या भाषांची जननी. साहजिकच ‘लहान’ यासारखा नित्याचा शब्द या भगिनींनी आईकडूनच घेतला असेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. अभिजात लॅटिनमध्ये ‘लहान’साठी ‘पार्वुस’ हा शब्द होता. आज फ्रेंचमध्ये ‘पेती’, स्पॅनिशमध्ये ‘पेकेन्यो’, इटालियनमध्ये ‘पिक्कोलो’, तर रुमानियनमध्ये ‘मिक’ म्हणतात. मग ‘पार्वुस’ गेला कुठे?

ग्रंथांची लॅटिन आणि बाजारात, घरात बोलली जाणारी लॅटिन यांत मोठे अंतर होते. मराठीत ‘लघु’ हा शब्द ग्रंथात शोभतो. बाळाला मात्र आपण ‘चिमुकले’, ‘इवलेसे’ म्हणतो. तसेच तेथे झाले. उच्चारातूनच चिमुकलेपण सुचवणारी रूपे लोकांच्या ओठी रुळली आणि ‘पेती’, ‘पिक्कोलो’ त्यांतूनच आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. स्पॅनिशमधील ‘चिको’ या शब्दाचे मूळ तर डाळिंबाच्या दाण्यांमधील पातळ पापुद्र्याच्या लॅटिन नावात सांगितले जाते. पापुद्रा म्हणजे क्षुल्लक वस्तू, त्यावरून लहान.

‘पार्वुस’ समूळ मात्र नष्ट झाला नाही. त्याच्या ‘पार्वुलुस’ या लाडिक रूपापासून इटालियनमध्ये ‘पार्गोलो’, म्हणजे तान्हुले, हा शब्द आला. पोर्तुगीजमध्ये मात्र त्याच कुळातील ‘पार्वु’चा अर्थ ‘मूर्ख’ असा झाला!

लोकांची ही लाडिक बोली व्याकरणकारांना रुचत नसे. ‘अपेंडिक्स प्रोबी’ या प्राचीन यादीत २२७ शब्दांची दुरुस्ती सुचवलेली आहे. त्यात ‘आउरिस’ म्हणजे कान, ‘ओरिक्ला’ नव्हे, अशी ताकीद आहे. ‘ओरिक्ला’ म्हणजे मुळात ‘इवलासा कान’. पण फ्रेंच ‘ओरेय’, स्पॅनिश ‘ओरेखा’ आणि रुमानियन ‘उरेके’ हे सारे त्या ‘अशुद्ध’ ओरिक्लाचेच वंशज ठरले.

या कुळातले काही पाहुणे आपल्याही घरात आहेत. ‘मिनिट’ आणि ‘मेनू’ हे दोन्ही शब्द ‘बारीक केलेले’ या अर्थाच्या लॅटिन ‘मिनुतुस’पासून निघाले. पैकी मिनिट म्हणजे तासाचा बारीक भाग, तर मेनू म्हणजे पदार्थांचा बारीकसारीक तपशील. ‘पेटीकोट’मधील ‘पेटी’ हाही तोच फ्रेंच ‘पेती’. मूळ अर्थ, छोटा कोट.

शुद्धाशुद्धतेचे वाद आपल्याकडेही रंगतात. त्या वेळी या यादीचे स्मरण ठेवावे. व्याकरणकाराने खोडलेला शब्दच पुढे पाच देशांची प्रमाणभाषा होऊन बसला.