नगरांचे अर्थस्थैर्य आणि राज्य वित्त आयोग : नागपूरच्या अनुषंगाने विचार

स्थानिक स्वराज्य संस्थेचा जमाखर्च एखाद्या वर्षी जुळला म्हणजे ती संस्था आर्थिक दृष्ट्या सुस्थिर आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. जलवाहिन्यांची दुरुस्ती पुढे ढकलून व कंत्राटदारांची देणी थकवूनही अंदाजपत्रक समतोल दाखविता येते. नागरिकांना मान्य अशा दर्जाच्या सेवा दीर्घकाळ पुरविता येतील इतके उत्पन्न उभारण्याची, तसेच झिजलेली मालमत्ता वेळच्या वेळी नवी करण्याची क्षमता, हेच अर्थस्थैर्याचे खरे लक्षण होय. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१२ साली ग्रॅहम सॅन्सम यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र परीक्षण मंडळ नेमले, तेव्हा तेथील चर्चेतही मुख्य भर या दीर्घकालीन क्षमतेवरच होता.

आपल्याकडे असे परीक्षण कोणी करावयाचे? १९४९ साली नेमलेली स्थानिक वित्त चौकशी समिती व १९५३-५४ चा जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील कर चौकशी आयोग यांनी या प्रश्नाचा ऊहापोह केला. परंतु ती प्रासंगिक मंडळे होती. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने या कार्यास कायम स्वरूप दिले. अनुच्छेद २४३-आय व २४३-वाय यांनुसार राज्यपालांनी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावयाचा असतो. राज्याच्या करउत्पन्नाची राज्य व स्थानिक संस्था यांत वाटणी कशी व्हावी, कोणते कर स्थानिक संस्थांकडे सोपवावेत, अनुदाने कोणत्या तत्त्वावर द्यावीत आणि संस्थांची आर्थिक स्थिती सुधारण्यास काय करावे, हे त्याने सांगावयाचे असते.

या आयोगाचे महत्त्व नागपूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. येथे १८६४ साली नगरपालिका व १९५१ साली महानगरपालिका स्थापन झाली. देशाच्या मध्यभागी, लोहमार्गांच्या संगमावर वसलेल्या या व्यापारी शहरास जकात हे स्वाभाविकच मोठे साधन होते. जकातीमुळे वाहतुकीचा खोळंबा होई हे खरे. परंतु व्यापार वाढला की उत्पन्न आपोआप वाढे. २०१३ साली जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. २०१५ साली ५० कोटी रुपयांहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर तोही संपला. त्याच्या जागी राज्याच्या २०१७ च्या कायद्याने नुकसानभरपाई आली. २०१६-१७ हे आधारवर्ष धरून तीत दरसाल ८ टक्के चक्रवाढ देण्याची ही योजना आहे.

या योजनेत निश्चितता आहे, हे मान्य केले पाहिजे. आधारवर्षी १०० रुपये मिळत असतील, तर दहाव्या वर्षी सुमारे २१६ रुपये मिळतात. मात्र भाववाढ दरसाल ५ टक्के व लोकसंख्येची वाढ २ टक्के धरली, तर दरडोई वास्तविक वाढ १ टक्क्याहूनही कमी उरते. शिवाय या रकमेचा शहराच्या प्रत्यक्ष व्यापाराशी संबंध उरत नाही आणि तिचा दर ठरविण्याचा अधिकारही महानगरपालिकेस नाही. करदात्याशी असलेला थेट संबंध मग मुख्यतः मालमत्ता कर व पाणीपट्टी यांपुरता राहतो. त्यातच १९३६ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेला नागपूर सुधार प्रन्यास हे येथील नगरविकासाचे दुसरे अंग होय. विकासाचे उत्पन्न एका संस्थेकडे व पुढील देखभालीचा भार दुसरीकडे, अशी विभागणी जेथे होते, तेथे केवळ एका संस्थेचे हिशेब पाहून शहराचे अर्थस्थैर्य कळत नाही.

अशा वेळी निःपक्ष परीक्षकाची गरज भासते. तथापि राज्य वित्त आयोगाच्या रचनेत तीन उणिवा आहेत. वाटणीतील एक पक्ष असलेल्या राज्य शासनाच्याच सल्ल्याने त्याची नेमणूक होते. त्याच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. कार्यवाहीच्या स्पष्टीकरणासह त्या विधिमंडळापुढे ठेवाव्यात असे घटना सांगते, पण त्यासाठी मुदत घालून देत नाही. यास्तव पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाने, जी राज्ये या तरतुदींचे पालन करणार नाहीत त्यांना मार्च २०२४ नंतर स्थानिक संस्थांसाठीचे अनुदान देऊ नये, अशी शिफारस केली. येथे एक विसंगती दिसते : कसूर राज्याची आणि निधी अडतो तो नगराचा.

सारांश, आयोगाची नेमणूक वेळेवर व्हावी एवढे पुरेसे नाही. त्याच्या अहवालास विधिमंडळात निश्चित मुदतीत उत्तर मिळाले पाहिजे, आणि प्रत्येक महानगरपालिकेची मालमत्ता, तिची झीज व थकबाकी यांची नोंद त्याच्यापुढे आली पाहिजे. नगरसेवक निवडण्याचा अधिकार नागरिकांस आहे. परंतु ज्या उत्पन्नावर निर्णय घ्यावयाचे ते अन्यत्र ठरत असेल, तर त्या नगरसेवकांस जाब तरी कशाचा विचारावयाचा? अर्थस्थैर्याचा प्रश्न अखेरीस स्वराज्याचाच प्रश्न आहे.