वृक्ष वंदावा, चेटूक त्यागावे

आश्विन शुद्ध दशमीस अपराण्ही गावाच्या ईशान्येस जावे, शमीचे पूजन करावे, शमी नसल्यास अश्मंतकाचे, म्हणजे आपल्या आपट्याचे, पूजन करावे, असा विजयादशमीचा विधी आहे. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्ये यांनी 1790 साली सिद्ध केलेला ‘धर्मसिंधु’ उघडला, तर तेथे घरी आणावयास सांगितलेली वस्तू कोणती? शमीच्या मुळाशी असलेली ओली माती, अक्षतांसह! गाडी भरून फांद्या नव्हेत. आज मात्र बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाचे डहाळे विकले जातात आणि दुसऱ्या दिवशी ते ‘सोने’ केराच्या टोपलीत जाते. रघुराजा आणि कौत्स यांची कथा कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात गायिली आहे. चौदा कोटी सुवर्णमुद्रांची गुरुदक्षिणा, कुबेरावर चढाईचा संकल्प आणि रातोरात भरलेले कोशागार हे सारे तेथे आहे. आपटा मात्र नाही. तो लोकमानसाने जोडला. ज्या झाडाला आपण सोन्याची पदवी दिली, त्यालाच वर्षातून एकदा ओरबाडावे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

शमीची दुसरी कथा विराटपर्वातील. अज्ञातवासास निघताना पांडवांनी स्मशानाजवळच्या शमीवर आयुधे ठेवली आणि कोणी जवळ येऊ नये म्हणून झाडाला एक प्रेत बांधले. वाचकहो, याचे मर्म पाहा. झाडावरचे भय पांडवांनीच निर्माण केले होते; ते केवळ कुलूप होते. आयुधे काढली, कुलुपाचे काम संपले. आपण मात्र पिंपळावर मुंजा आणि चिंचेवर हडळ बसवून ते कुलूप पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आलो.

या समजुतींची लेखी नोंद झाली ती इंग्रजी अमदानीत. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना संस्कृताचा व्यासंग होता. भुते, दृष्ट, वृक्षपूजा, चेटूक यांविषयी शाळाशिक्षकांकडून आलेली माहिती त्यांनी जमविली. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशकात विजयानंद नाट्यगृहात हुतात्मा अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन यांच्या मागे ती सामग्री एन्थोव्हेन यांनी छापली. कोकणचा भाग 1915 साली निघाला आणि 1924 साली मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींचा मोठा ग्रंथ आला. या नोंदी आजही उपयोगी आहेत. परंतु वडाला सूत गुंडाळणारी सुवासिनी आणि मूठ मारणारा मांत्रिक त्यांत शेजारी शेजारी येतात. एका ग्रंथात बसल्याने दोन गोष्टी एका जातीच्या होत नाहीत.

इंग्रजांचे घरही या बाबतीत निराळे नव्हते. चेटकिणींवर खटले भरण्याची तेथील प्रथा 1735 च्या कायद्याने संपली. तो कायदाही 1951 साली रद्द झाला. त्याच सुमारास रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या कवीने वृक्षांच्या वर्णमालेवर, तर गार्डनर यांनी चेटूकधर्मावर ग्रंथ लिहिले. इतिहासपंडितांनी त्यांतील पुष्कळसे ग्राह्य धरले नाही, तरी वाचक भरपूर मिळाले. झाडापाशी काही गूढ शोधावे ही ओढ सर्व मानवांत समान आहे.

आमचे कोपरगाव तर मंत्रविद्येच्या कथेतच वसलेले. गोदातीरी बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे, कचेश्वर आहे. येथे विवाहास मुहूर्त पाहावा लागत नाही अशी श्रद्धा आहे. नवग्रहांच्या समिधांत शुक्राची समिधा औदुंबराची. कीर्तनाच्या उत्तररंगात आम्ही कचाचे आख्यान लावतो, तेव्हा श्रोते हमखास संजीवनीची ‘मुळी’ विचारतात. मुळी रामायणातली, हनुमंताच्या पर्वतावरची. आदिपर्वातील संजीवनी ही विद्या आहे. ती कचास मिळाली, पण देवयानीच्या शापाने त्याच्या स्वतःच्या उपयोगी पडली नाही. तो ज्यास शिकवील त्यासच ती फळावयाची होती. विद्या आणि जादू यांतील भेद येथेच आहे. विद्या शिकवल्याने फळते. जादू लपवल्याने टिकते.

हा भेद न कळल्याची किंमत कोणी मोजली? सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून मारहाण झालेल्या, गावाबाहेर काढलेल्या स्त्रियांनी. उसाच्या फडात साप डसल्यावर दवाखान्याऐवजी मांत्रिकाच्या ओट्यावर नेलेल्या मजुरांनी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अमुक व्यक्ती करणी करते असे म्हणून तिचे जगणे असह्य करणे आणि सर्पदंशावर उपचार रोखून गंडादोरा करणे, हे दोन्ही त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. कीर्तनपरंपरेवर गदा येईल असे भय तेव्हा अनेकांनी बोलून दाखविले होते. प्रत्यक्षात हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना कायद्याने स्पष्टपणे मोकळीक दिली आहे. ती मोकळीक मिळाल्यावर आम्हा कीर्तनकारांचे दायित्व वाढले, असे आम्ही मानतो. नारदांच्या गादीवर उभे राहून भूतकथा रंगवावी, टाळ्या घ्याव्यात आणि श्रोत्यांना भय देऊन घरी पाठवावे, हे त्या गादीस शोभत नाही. कथा सांगावी, पण शेवटी झाडावरचे प्रेत कोणी बांधले तेही सांगावे.

गीतेत भगवंतांनी सर्व वृक्षांत आपण अश्वत्थ असल्याचे सांगितले आहे. मग त्या अश्वत्थास भिण्याचे कारण उरत नाही. त्यास पाणी घालणे तेवढे उरते. यंदाच्या विजयादशमीस आपट्याचे एकच पान द्यावे, मुळाची चिमूटभर माती घरी आणावी आणि जमल्यास त्या मातीत एक रोप लावावे. गावात कोणा एकाकी वृद्धेकडे ‘हिची नजर वाईट’ म्हणून बोट दाखविले जात असेल, तर सोने घेऊन प्रथम तिच्याच दारी जावे. भयाची सीमा ओलांडणे हेच खरे सीमोल्लंघन. सर्व वाचकांस विजयादशमी शुभदायी होवो!