मंजनिकीच्या मागे कोण उभे आहे?

इसवी सन 363. रोमन सम्राट ज्युलियनच्या सैन्याने इराणी साम्राज्यात शिरून मायोझामाल्का या तटबंद शहराला वेढा घातला होता. वेढ्यात दगड फेकणारे एक यंत्र चालू होते आणि यंत्राच्या मागे रोमनांचाच एक स्थापत्यकार उभा होता. कारागिराने गोफणीत दगड नीट बसवला नाही. तो पुढे जाण्याऐवजी मागे उडाला आणि त्या स्थापत्यकाराच्या देहाची ओळखही पटेना. या मोहिमेत स्वतः असलेला इतिहासकार अम्मिआनस मार्सेलिनस ही हकिकत सांगतो. मृताचे नाव मात्र आपल्याला आठवत नाही, असे तो मोकळेपणाने लिहून जातो.

वेढ्याची यंत्रे हा माझा गेल्या पंधरा-सोळा वर्षांचा नाद. मी पदवीधर इतिहासकार नाही. वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेले. इंग्रजी वाचायला शिकलो तो शब्दकोश मांडीवर ठेवून. गेल्या वर्षी एका मंडळाचे कार्यकर्ते घरी आले. परदेशात चालतात तशा मध्ययुगीन लुटुपुटूच्या लढाया त्यांनी मोबाइलवर पाहिल्या होत्या. आपल्या मैदानावर खरी चालणारी मंजनीक उभी करायची, समोर लाकडी तट बांधायचा आणि तो फोडायचा, असा बेत होता. “काका, गोळा रबराचाच ठेवू. म्हणजे धोका नाही.” या एका वाक्याचे उत्तर देता देता हा लेख झाला.

तशा लढाया अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर होतात. ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ ही संस्था 1966 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे सुरू झाली. 1972 पासून तिचे ‘पेन्सिक वॉर’ भरते. तिथे हजारो हौशी लोक चिलखते घालून वेताच्या तलवारींनी लढतात. त्यात वेढ्याची यंत्रेही असतात. ती टेनिसचे चेंडू किंवा फोम गुंडाळून केलेले हलके गोळे फेकतात. समोरच्याच्या शिरस्त्राणाला जाळी असते आणि बोथट बाणाचे टोक त्या जाळीच्या फटीत शिरणार नाही इतके रुंद ठेवतात. प्रत्येक यंत्र मैदानात उतरण्यापूर्वी मार्शल तपासतो. म्हणजे मंडळाच्या पोरांचे म्हणणे निम्मे बरोबर होते. गोळा खोटा करता येतो. वजन खोटे करता येत नाही.

यंत्र कसे चालते ते आधी पाहू. ट्रेबुशे म्हणून युरोपात ओळखली जाणारी मंजनीक म्हणजे आखूड-लांब बाजूंची एक तराजूची दांडी. आखूड बाजूला मातीने किंवा शिशाने भरलेली जड पेटी, लांब टोकाला गोफण. लांब टोक रहाटाने खाली ओढून खिट्टीने अडकवायचे. खिट्टी काढली की पेटी कोसळते, दांडी उसळते आणि तिच्यामागून गोफण फिरून वर येते. गोफण ज्याने हातात धरली आहे त्याला पुढचे सांगायला नको. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसणारा माणूस एक दोरी बोटात अडकवतो, दुसरी चिमटीत धरतो आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडतो. सगळी विद्या त्या सोडण्यात. यंत्राला चिमूट नाही. तिच्या जागी दांडीच्या टोकाला एक लोखंडी आकडी असते. गोफणीच्या एका दोरीची कडी तिच्यावर अडकवलेली असते आणि गोफण फिरून पुढे आली की ती आपोआप घसरून सुटते. आकडी जास्त वाकलेली असेल तर कडी उशिरा सुटते आणि दगड समोरच्या जमिनीत आपटतो. आकडी सरळ असेल तर कडी लवकर सुटते. दगड आभाळात जातो, नाहीतर थेट मागे.

1521 साली मेक्सिकोत टेनोच्टिटलानच्या वेढ्यात कोर्तेसच्या लोकांनी दारूगोळा संपत आल्यावर असे यंत्र उभारले होते. त्याचा दगड सरळ वर गेला आणि यंत्राच्या जागीच येऊन पडला. कोर्तेसने रागाने ते मोडायला लावले.

मला हे पुस्तकातून कळायला हवे होते, कळले अंगणात. काही वर्षांपूर्वी मी दोन मीटर दांडीची छोटी मंजनीक केली. डब्यात साठ किलो वाळू, एक मीटरची पडझड. टोकाला खिळा ठोकला, तो सरळच ठेवला, कारण सरळ खिळा नीटनेटका दिसतो. समोरची सगळी माणसे हटवली. भाच्याला सांगितले, तू मागे उभा राहा, मागे काही होत नाही. ओल्या मातीचा गोळा त्याच्या डोक्यावरून गेला आणि शेजाऱ्यांची चार कौले फुटली. कौलांचे पैसे दिले. भाचा आजही हसत सांगतो. मला त्यात हसण्यासारखे काही सापडत नाही.

त्या रात्री मी हिशेब मांडला. साठ किलो एक मीटर पडले की सुमारे 590 ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी 140 किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे 120 ज्यूल असतात. अंगणातल्या माझ्या खेळण्यात असे जवळजवळ पाच चेंडू भरलेले होते. दोन टनांची पेटी तीन मीटर पडली तर हा आकडा 59 हजारांच्या घरात जातो. एक टनाची मोटार ताशी चाळीस किलोमीटरने येऊन धडकावी तसा. टेनिसचा चेंडू सेकंदाला तीस मीटर वेगाने फेकला तरी तो यातले फक्त 26 ज्यूल घेऊन जातो.

मग उरलेले कुठे जातात? मंडळाच्या पोरांना मी हाच प्रश्न विचारला. उरलेले सगळे यंत्रातच राहतात. दगडासाठी बेतलेल्या यंत्रात रबराचा चेंडू घातला तर ते जवळजवळ रिकामेच सोडल्यासारखे होते. दांडी जास्त वेगाने उसळते, पेटी हिसका देते, आस आणि सांगाडा तो मार खातात. लाकूड कुठेतरी आतून चिरते आणि ते त्या दिवशी दिसत नाही. गोळा मऊ केला म्हणजे यंत्र मऊ होत नाही, उलट त्याची हाडे लवकर खिळखिळी होतात. म्हणून गोळा हलका करायचा तर आधी पेटी हलकी करायची. पीळ दिलेल्या दोरांवर चालणाऱ्या यंत्रांत हाच धोका दोरात लपलेला असतो, आणि दोर लाकडापेक्षा लबाड.

दुसरी अडचण थांबवण्याची. अमेरिकेतल्या त्या मैदानांवर कोणीही “होल्ड!” असे ओरडले की सगळी लढाई जागच्या जागी थांबते. कोणाचे शिरस्त्राण सुटले, कोणी घसरून पडले, तरी हाच पुकारा. हा नियम मला फार आवडतो. पण तलवार धरलेला माणूस ऐकतो. ओढून अडकवलेली दांडी ऐकत नाही. म्हणून खिट्टीखेरीज दुसरी जाड पिन हवी, जी नेम धरून मैदान मोकळे झाल्यावरच निघेल. सुटण्याची दोरी लांब हवी आणि ती एकाच माणसाच्या हातात. दांडी न सोडता हळूहळू परत वर नेण्याची सोय रहाटात हवी, आणि ती आधी करून पाहिलेली हवी. नाहीतर “थांबा” म्हटल्यावर भरलेल्या यंत्राचे काय करायचे ते कोणालाच ठाऊक नसते आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, सोडूनच टाका.

मोठी यंत्रे तर वेगळीच. इंग्लंडमधल्या वॉरिक किल्ल्यात 2005 साली उभारलेली मंजनीक अठरा मीटर उंच आणि बावीस टन वजनाची. ती ओढायला माणसे मोठ्या चाकांच्या आत चालत, पिंजऱ्यातल्या खारीसारखी. दोर निसटला तर चाक माणसासकट उलटे फिरेल, हे कोणत्याही फिटरला सांगावे लागत नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये तिथे पेटत्या गोळ्याचा खेळ झाला आणि नदीकाठच्या जुन्या नौकाघराचे गवती छप्पर पेटले. ठिणगी त्या खेळाचीच, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. माणसे वाचली. 2002 साली सॉमरसेटमध्ये ते झाले नाही. तिथे हौशी मंडळी अशाच यंत्राने माणसे जाळ्यात फेकत होती. त्या दिवशी आधीचे काही जण सुखरूप पडले. त्यानंतरचा एकोणीस वर्षांचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी जाळ्यापर्यंत पोहोचलाच नाही. ते इतिहासाचे नाट्य नव्हते, निव्वळ थरार होता. पण यंत्र तेच. पाच वेळा बरोबर गेले म्हणून सहावी खेप बरोबर जाते, असे त्याला कोणी शिकवलेले नसते.

“मग आपल्याकडे नव्हतेच का हे?” पोरांनी विचारले. होते. 1301 मध्ये रणथंभोरच्या वेढ्यात अलाउद्दीन खिलजीचा सरदार नुसरत खान किल्ल्यातून फेकलेल्या दगडाने जखमी झाला आणि मेला. त्याआधी, आठव्या शतकाच्या सुरुवातीला, सिंधमधल्या देबलच्या वेढ्यात ‘अल्-अरूस’ म्हणजे ‘नवरी’ नावाची मंजनीक होती आणि ती ओढायला पाचशे माणसे लागत, असे बलाधुरी लिहितो. शिवकाळ मात्र तोफांचा. जयंतीच्या मिरवणुकीत मंजनीक आणली तर इतिहास मागे जाईल, हे मी सांगून ठेवले. ते त्यांना फारसे पटले नाही.

पण त्या ‘नवरी’नेच वाट दाखवली. तिला जड पेटी नव्हती. आखूड बाजूला दोर बांधलेले, आणि माणसे एकदम खाली ओढत. रस्सीखेचच म्हणा. माणसे ओढतात तेवढीच ऊर्जा, तेवढाच वेळ. “थांबा” म्हटले आणि हात सुटले की यंत्र निवले. रात्रभर मैदानात भरलेले उभे राहत नाही. धोके त्यातही आहेत. ओढणारे गोळ्याच्या वाटेखालीच उभे असतात, म्हणून डोक्यावर शिरस्त्राण हवेच. गोफण धरणाऱ्याने वेळेवर सोडली नाही तर तो स्वतः उचलला जातो. पण हे धोके डोळ्यांना दिसतात.

तेव्हा मी त्यांना कळवले: सहा माणसांची ओढीची मंजनीक, कापसाने भरलेला कापडी गोळा, आकडी गावातल्या लोहाराकडून माझ्यासमोर वाकवून घ्यायची, पहिले पन्नास फेक रिकाम्या शेतात. प्रत्येक फेक कुठे पडला ते वहीत लिहायचे, मागे पडला तर लाल शाईने. लाकडी तट फुटणार नाही. तो आतून दोरीने पाडा, लोक तरीही टाळ्या वाजवतील.

उत्तरादाखल मैदानाचा नकाशा आला. समोर तट, दोन्ही बाजूंना प्रेक्षक, दोराची सीमा, पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका. सगळे नीट विचार करून मांडलेले. प्रमुख पाहुण्यांचे व्यासपीठ मात्र मंजनिकीच्या बरोबर मागे, वीस पावलांवर. मी ते लाल पेन्सिलीने खोडले, डाव्या बाजूला शंभर पावलांवर नवा चौकोन काढला आणि नकाशा परत पाठवला.