उन्हाळ्याच्या संध्याकाळची सुती जाळीदार शाल

गटाच्या बैठकीत आम्हाला नेहमी एक प्रश्न येतो. विणकाम फक्त थंडीतच का करायचं? उन्हाळा लागला की सुया पेटीत जातात आणि हातातली कमाईही थांबते. म्हणून आज आम्ही सुती शालीबद्दल सांगणार आहोत.

सोलापूरच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. पण दिवस मावळला, ओट्यावर वारं सुटलं की खांद्यावर काहीतरी हलकं हवं वाटतं. लोकर टोचते आणि आपली सोलापुरी चादर पडते जड. जाळीदार सुती शालीतून वारा खेळतो, घाम सुतात टिपला जातो.

आधी सूत पाहू. सुताचा नंबर जितका मोठा, तितकं ते बारीक. दोन पदरी १० नंबरचं सूत घ्या. शंभर ग्रॅममध्ये साधारण साडेआठशे मीटर धागा येतो. एका शालीला दीडशे ग्रॅम पुरतं. सुयांचंही तसंच आहे, मोठा नंबर म्हणजे बारीक सुई. आपल्याला ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया हव्यात. बारीक सूत आणि जाड सुई, म्हणूनच शाल हलकी होते.

दोन्ही सुया एकत्र धरून ९६ टाके सैल घाला. सुरुवातीला सहा ओळी सगळ्या सुलट विणा. मग लाटेची वीण सुरू करा. प्रत्येक ओळीत पहिले तीन आणि शेवटचे तीन टाके काठाचे, ते नेहमी सुलट. मधल्या ९० टाक्यांची वीण चार ओळींची:

पहिली ओळ सुलट.
दुसरी ओळ उलट.
तिसरी ओळ जाळीची: दोन टाक्यांचा एक, असं तीन वेळा, दोरा पुढे आणून एक सुलट, असं सहा वेळा, पुन्हा दोनाचा एक, तीन वेळा. हे १८ टाके झाले. असं पाच वेळा करा.
चौथी ओळ सुलट.

जाळीच्या ओळीत सहा टाके कमी होतात आणि सहा वाढतात, म्हणून एकूण ९६ कायम राहतात. ओळ संपली की मोजा. एक जरी कमी भरला तरी तिथेच थांबा. दर वीस ओळींनी वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागेल.

साडेपाच फूट झाली की पुन्हा सहा ओळी सुलट विणा आणि टाके सैल बंद करा. सूत लोकरीसारखं ताणत नाही, घट्ट बंद केलं तर काठ गोळा होतो. मग शाल पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, चादरीवर पसरून टाचण्यांनी ताणा आणि सावलीत वाळवा. ओली शाल दोरीवर टाकू नका, वजनाने ती लांबते.

ही वीण मूळची स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची. तिथल्या बायका लोकरीच्या इतक्या तलम शाली विणत, की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. पण व्यापारी त्यांना बहुतेक वेळा रोख पैसे देत नसत. बदल्यात चहा नाहीतर कापड हातावर ठेवत. तक्रारी वाढल्या तेव्हा १८७२ साली सरकारी चौकशी झाली.

आपण यातून काय घ्यायचं? टाके मोजता, तसे तासही मोजा. अशा शालीला चाळीसेक तास लागतात. समजा तासाला ४० रुपये धरले, तर मजुरी झाली १६००. त्यावर सुताचे पैसे. प्रदर्शनात गिऱ्हाईक म्हणतं, "एवढीशी तर जाळी!" तेव्हा हा हिशोब तोंडपाठ असू द्या. पहिली शाल सुरू कराल त्या दिवसापासून गटाच्या वहीत तास लिहा. आपल्या वेळेची किंमत आपणच धरली नाही, तर दुसरं कोण धरणार?