लॅटिन शिकताना: आधी वाचा, मग क्लिक करा

आजचा विषय जरा आडवाटेचा: लॅटिन आणि प्राचीन ग्रीक घरबसल्या शिकायची तर कुठली साधनं, आणि कुठल्या क्रमाने? मी दिवसा कोड लिहिते आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास लॅटिन वाचते. त्यामुळे सुरुवात एका प्रोग्रॅमपासूनच करू.

विल्यम व्हिटेकर हे अमेरिकी हवाई दलातले कर्नल. 'एडा' ही प्रोग्रॅमिंग भाषा ज्या सरकारी कामातून आली, त्यात ते पुढे होते. पुढे त्यांनी एडामध्येच 'वर्ड्‌स' नावाचा लॅटिन कोश लिहिला. कुठलंही रूप टाका, तो मूळ शब्द, विभक्ती, वचन सांगतो. २०१० मध्ये ते गेले. पण कोड सगळ्यांना खुला होता, म्हणून इतरांनी तो चालू ठेवला.

आता गंमत बघा. 'पुएल्लाए' हे रूप टाकलं की उत्तरं अनेक येतात: मुलीचं, मुलीला, मुली, शिवाय हाक मारताना 'मुलींनो'. यातलं बरोबर कुठलं? ते मशीन नाही, वाक्य सांगतं. आणि वाक्य ओळखायची सवय क्लिक करून लागत नाही, वाचूनच लागते.

म्हणून आधी डॅनिश शिक्षक हान्स ऑर्बर्ग यांचं 'फामिलिया रोमाना' घ्या. ३५ धडे, सगळे लॅटिनमध्येच. अर्थ चित्रांवरून आणि समासातल्या टिपांवरून लागतो. ग्रीकसाठी 'अथेनाझे' आहे. त्यात दिकाइओपोलिस नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट पुढे सरकते, तसतसं व्याकरणही. ही दोन्ही विकत घ्यावी लागतात.

मूळ ग्रंथांकडे वळाल तेव्हा तफ्ट्स विद्यापीठाचं 'पर्सियस' उघडा. १९८० च्या दशकात सुरू झालेला हा डिजिटल संग्रह फुकट आहे. शब्दावर क्लिक केलं की रूप आणि कोशातली नोंद समोर. शिकागो विद्यापीठाच्या 'लोगेइऑन'वर दोन्ही भाषांचे मोठे कोश एकत्र शोधता येतात.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तर अर्धी वाट ओळखीची वाटेल. तिकडे 'कन्याम्', इकडे 'पुएल्लाम'. द्वितीयेचा म तोच! शिवाय लॅटिनमध्ये द्विवचनाचा वेगळा तक्ता नाही.

माझा नियम साधा आहे: उतारा आधी दोनदा नुसता वाचायचा, अंदाज बांधायचा, आणि तिसऱ्यांदा अडेल तिथेच क्लिक. करून बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!