संगणकीय खेळ आणि आंतरसांस्कृतिक संवाद

भाषा येते, पण बोलता येत नाही, अशी आपल्या अनेक विद्यार्थ्यांची अवस्था असते. उणीव शब्दांची नसते, समोरच्याशी कसे वागावे याची असते. ही रीत संगणकीय खेळातून शिकविता येईल काय? या दृष्टीने 'टॅक्टिकल इराकी' हा खेळ अभ्यासण्याजोगा आहे. 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केल्यानंतर सैनिकांना इराकी अरबी शिकविण्यासाठी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात लुईस जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला.

त्याच्या एका भागात शब्द व उच्चारांचा सराव आहे. दुसऱ्या भागात विद्यार्थी इराकी वस्तीत जातो, मायक्रोफोनमध्ये अरबीत बोलतो आणि सोबतचे हावभाव निवडतो. छातीवर हात ठेवून सलाम केला, स्वतःची ओळख नीट करून दिली, की पात्रांचा विश्वास वाढतो. उद्धटपणा झाला तर व्याकरण अचूक असूनही काम अडते. आपल्या परीक्षांत यासाठी कधी गुण कापले जातात काय?

मर्यादाही उघड आहे. येथे अदब शिकविली जाते ती लष्करी काम साधावे म्हणून. इराकी माणसाला सैनिकाची भाषा, त्याची रीत समजून घेण्याची संधी खेळात नाही.

आपल्या वर्गात हे तत्त्व साध्या कार्डांवरही वापरता येते. मराठी मुलगा आईला 'तू' म्हणतो, ते 'आप'ची सवय असलेल्या उर्दूभाषक मुलाला बेअदबी वाटते. असा एक प्रसंग, तीन उत्तरे, प्रत्येकाचा वेगळा परिणाम; आणि दुसऱ्या फेरीत भूमिकांची अदलाबदल.